अशिलाच्या जागी उभे राहणे : समानुभूतीचे मापन

मालाडला आमच्या इमारतीत राहणारी एक मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका रविवारी सकाळी ती हातात एक छापील कागद घेऊन आली. महाविद्यालयातल्या एका प्रकल्पासाठी वर्गातल्या सगळ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. एकूण २८ विधाने आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार असे पाच पर्याय. त्यातल्या एका भागात तिला २८ पैकी १७ गुण मिळाले होते, तिच्या मैत्रिणीला २०.

"काका, म्हणजे माझ्यात समानुभूती कमी आहे असंच ना? मला तर विधी सेवा केंद्रात काम करायचंय. तिथं तर हीच लागते."

प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. तिच्या घरात ती पहिलीच वकील होणार आहे. गरिबांचे खटले चालवायचे हे तिने बारावीतच ठरवलेले. आता एक कागद तिला सांगत होता की या कामाला लागणारा गुण तुझ्यात बेताचाच आहे.

मानसशास्त्र हा माझा विषय नाही, पण मोजमाप हा माझा रोजचा व्यवसाय आहे. प्रयोगशाळेत एखादा आकडा हाती आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे उपकरण नेमके काय मोजते? पुन्हा मोजले तर तोच आकडा येईल का? आणि या आकड्यावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे? हेच तीन प्रश्न त्या कागदाला विचारून पाहू या. शाळेत मुलांच्या 'व्यक्तिमत्त्वाचे' आणि 'मूल्यांचे' मूल्यमापन करण्याची वेळ शिक्षकांवरही येते, तेव्हा ही चर्चा त्यांच्याही उपयोगाची आहे.

समानुभूती म्हणजे काय?

एखाद्याचे दुःख पाहून आपल्याला वाईट वाटते, ती सहानुभूती. त्याच्या जागी उभे राहून त्याला जग कसे दिसते हे जाणणे, ती समानुभूती. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. मापन करायचे तर हा फरक सांभाळावा लागतो.

या कल्पनेचा उगम कलाविचारात आहे. एखादे चित्र किंवा उंच खांब पाहताना आपण स्वतःला त्या वस्तूत नेऊन ठेवतो, अशा अर्थाने रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ साली 'आइनफ्यूलुंग', म्हणजे 'आत शिरून अनुभवणे', हा शब्द वापरला. थिओडोर लिप्स यांनी ही कल्पना माणसामाणसांतल्या समजुतीला लावली. १९०९ साली एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तिच्यासाठी 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या गोष्टी फार जुन्या आहेत, पण त्यांत एक अडचण आहे. दुसऱ्याच्या देहात शिरलेल्याला आपल्या देहाकडे परत यावे लागते.

ही अडचण मराठीत नेमकी ओळखली ती न. चिं. केळकर यांनी. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक कथेतल्या पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःची जाणीव पुरती सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. केळकर कायद्याचे पदवीधर होते आणि 'केसरी'त येण्यापूर्वी साताऱ्यात वकिली करत होते. साहित्याविषयी त्यांनी सांगितलेली ही गोष्ट वकिलीलाही चांगली लागू पडते. अशिलाच्या दुःखात बुडून गेलेला वकील उलटतपासणी घेऊ शकणार नाही. त्या दुःखाचा अंदाजच नसलेला वकील काय विचारायचे तेच चुकेल.

एक शब्द, चार गोष्टी

आता त्या प्रश्नावलीकडे वळू. २८ विधानांची अशी प्रसिद्ध प्रश्नावली मार्क डेव्हिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली तयार केली. समानुभूती ही एकच गोष्ट नाही, ती वेगवेगळ्या प्रवृत्तींचा गट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी प्रश्नावलीचे चार भाग केले. प्रत्येक भागात सात विधाने, म्हणजे प्रत्येक भागात जास्तीत जास्त २८ गुण.

पहिला भाग दृष्टिकोन-ग्रहणाचा : भांडणात दुसऱ्याची बाजू काय असेल याचा विचार मी करतो का? दुसरा कल्पनेचा : कादंबरी वाचताना मी त्या पात्रांत गुंततो का? तिसरा कळवळ्याचा : कुणावर अन्याय होताना पाहून माझे मन द्रवते का? चौथा स्वतःच्या अस्वस्थतेचा : अपघात पाहिला की मीच गोंधळून, घाबरून जातो का? (ही वाक्ये मी समजावण्यासाठी बनवली आहेत, मूळ विधाने वेगळी आहेत.)

या चौथ्या भागात जास्त गुण मिळवणारा माणूस हळवा असतो, पण संकटाच्या वेळी तो उपयोगी पडेलच असे नाही. अपघातस्थळी चक्कर येऊन पडणाऱ्याला पाणी द्यायला आणखी एक माणूस लागतो! तेव्हा चारही भागांची बेरीज करून 'याची समानुभूती ११२ पैकी इतकी' असे म्हणणे म्हणजे उंची, वजन आणि ताप यांची बेरीज करण्यासारखे आहे. डेव्हिस यांची प्रश्नावली चार वेगळे आकडे देते, ते त्याचसाठी.

मुलीचे १७ गुण दृष्टिकोन-ग्रहणाच्या भागातले होते. वकिलाच्या दृष्टीने चारांत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. तो का, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका खटल्याकडे जावे लागेल.

तोच पुरावा, वेगळा प्रश्न

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका तक्रारीच्या संदर्भात एका गरीब आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले गेले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर काढून तिला ठाण्यातच थांबवले आणि तिच्यावर अत्याचार केला, असा आरोप दोन पोलिसांवर होता. हा खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जातो.

१९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. पुरावा जवळपास तोच होता. सर्वोच्च न्यायालयाने लक्षात घेतले ते हे की मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती; त्यावरून तिची संमती होती असा निष्कर्ष काढला. उच्च न्यायालयाने मात्र भीतीपोटी गप्प राहणे आणि राजी असणे यांत फरक केला होता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्या पत्रात राग होता, पण त्याचा गाभा कायद्याच्या युक्तिवादाचा होता : शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, समोर गणवेशातली माणसे, आणि एक गरीब, अशिक्षित, एकटी मुलगी. तिच्या जागी उभे राहून पाहिले तर 'जखमा का नाहीत?' हा प्रश्नच बदलतो. 'या स्थितीत तिला विरोध करता येणे शक्य तरी होते का?' हा खरा प्रश्न ठरतो.

या पत्राने देशभर चर्चा उठली. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना असा अत्याचार झाल्याच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा अधिनियमात आली. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यातही ही तरतूद कायम आहे.

या उदाहरणातून एवढे घ्यायचे आहे की वकिलाची आणि न्यायाधीशाची समानुभूती डोळ्यांतल्या पाण्यात शोधायची नसते. ती दिसते त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आणि लक्षात घेतलेल्या तपशिलात. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

१७ आणि २० यांत फरक किती?

आता दुसरा प्रश्न : पुन्हा मोजले तर तोच आकडा येईल का? शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत यालाच विश्वसनीयता म्हणतात. ती शून्य ते एक अशी मोजतात. डेव्हिस यांच्या चारही भागांची विश्वसनीयता साधारण ०.७ ते ०.८ च्या दरम्यान येते. अशा प्रश्नावलीसाठी ती समाधानकारक आहे. पण ती एक नाही, म्हणजे प्रत्येक गुणात काही त्रुटी दडलेली आहे. ती किती, हे साध्या सूत्राने काढता येते :

मापनाची प्रमाण त्रुटी = प्रमाण विचलन × √(१ − विश्वसनीयता)

समजा, वर्गाच्या गुणांचे प्रमाण विचलन ५ आहे आणि विश्वसनीयता ०.७५. मग त्रुटी ५ × √०.२५, म्हणजे २.५ गुण. एखाद्याचा खरा गुण मिळालेल्या गुणाच्या दोन्ही बाजूंना साधारण दुप्पट त्रुटीच्या आत असतो असे धरतात. म्हणजे १७ गुण मिळालेल्या मुलीचा खरा गुण १२ ते २२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि तिच्या मैत्रिणीचा १५ ते २५ च्या दरम्यान. दोघींच्या पट्ट्या बऱ्याचशा एकमेकींवर येतात.

दोन गुणांची तुलना करताना दोघांच्याही त्रुटी जमेस धराव्या लागतात. २.५ चा वर्ग अधिक २.५ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे ३.५. फरक खरा आहे असे खात्रीने म्हणायचे तर तो याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ७ गुणांचा हवा. येथे फरक आहे ३ गुणांचा. वाण्याच्या ज्या तराजूत पन्नास ग्रॅमचा फरक पडतो, त्यावर सोने तोलू नये, तसेच हे आहे.

मग असे मापन निरुपयोगी का? तसे नाही. शंभर विद्यार्थ्यांची सरासरी काढली की व्यक्तिगत त्रुटी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाशी ताडून पाहण्यासाठी हे उपकरण उपयोगी आहे. एका माणसावर शिक्का मारण्यासाठी ते बनवलेले नाही.

आरसा की छायाचित्र?

पहिला प्रश्न राहिला : हे उपकरण नेमके काय मोजते? याला सप्रमाणता म्हणतात. प्रश्नावली विद्यार्थ्यालाच विचारते की तू दुसऱ्यांना किती समजून घेतोस. उत्तरात त्याची समज येते, तशी त्याची स्वतःविषयीची कल्पनाही येते. ही दुसरी गोष्ट किती मोठी असावी?

१९८३ साली नॅन्सी आयझनबर्ग आणि रँडी लेनन यांनी स्त्री-पुरुषांच्या समानुभूतीविषयीचे त्या वेळेपर्यंतचे अभ्यास एकत्र करून तपासले. प्रश्नावली भरून घेतली की स्त्रिया पुरुषांच्या खूप पुढे दिसत. पण हृदयाचे ठोके, तळहाताला सुटणारा घाम अशा शारीरिक खुणा किंवा नकळत टिपलेले चेहऱ्यावरचे भाव पाहिले, तर हा फरक दिसेनासा होई. 'बाईमाणूस मायाळू असते' ही समाजाची अपेक्षा उत्तरांत उतरलेली असावी, असा याचा अर्थ लावला जातो.

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची प्रत्यक्ष परीक्षाही घेता येते. विल्यम इक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास अशी पद्धत रूढ केली. दोघांच्या संभाषणाचे चित्रीकरण करायचे. नंतर प्रत्येकाने ते पाहताना 'येथे माझ्या मनात हे आले' असे नोंदवायचे. मग त्याच ठिकाणी चित्रफीत थांबवून दुसऱ्याला विचारायचे, की त्याच्या मनात तेव्हा काय असावे? दोन्ही नोंदी किती जुळतात हे त्रयस्थ परीक्षक ठरवतात.

प्रश्नावलीतले गुण आणि अशा प्रत्यक्ष परीक्षांतले गुण जुळतात का? २०१९ साली ब्रेट मर्फी आणि स्कॉट लिलियनफेल्ड यांनी बऱ्याच अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. दुसऱ्याला ओळखण्याच्या क्षमतेतला जेमतेम १ टक्का फरक स्वतः दिलेल्या उत्तरांवरून सांगता येत होता. म्हणजे 'मला माणसे चांगली कळतात' असे म्हणणाऱ्याला माणसे कळतातच असे नाही. हे आपल्या अनुभवाविरुद्ध आहे असे कुणी म्हणणार नाही!

आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत तर उलटेही संभवते. 'मी दुसऱ्याची बाजू नेहमी समजून घेते का?' असे स्वतःला प्रामाणिकपणे विचारणारी व्यक्ती चारऐवजी दोन किंवा तीनवर खूण करते.

भाषेचाही प्रश्न आहेच. इंग्रजी विधानांचा मराठी अनुवाद केला की श्रेणी मराठी झाली असे होत नाही. अनुवादित विधाने आपल्याकडच्या विद्यार्थ्यांवर तपासून तिची विश्वसनीयता आणि सप्रमाणता नव्याने काढावी लागते.

कायदा शिकून मन कोरडे होते का?

कायद्याच्या विद्यार्थ्यांची समानुभूती मोजण्यामागे बहुतेक वेळा एक शंका असते : कलमे आणि निवाडे शिकता शिकता मुलांचे मन कोरडे पडते का? ही शंका वैद्यकीय शिक्षणातून आली. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातले मोहम्मदरेझा होजात आणि सहकारी यांनी डॉक्टरांसाठी २० विधानांची एक श्रेणी बनवली. २००९ साली त्यांनी दाखवले की वैद्यकीय विद्यार्थ्यांचे गुण तिसऱ्या वर्षी घसरतात, म्हणजे रुग्णांशी खरा संबंध सुरू होतो नेमक्या त्या वर्षी. पुढे या श्रेणीत रुग्णाच्या जागी अशील आणि डॉक्टरच्या जागी वकील घालून ती कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीही वापरली गेली. २०१६ साली ऑस्ट्रेलियात तिची अशी तपासणी प्रसिद्ध झाली.

अशा अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मुले तीच आहेत का? पहिल्या वर्षाचे आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी एकाच दिवशी तपासले तर ती दोन वेगळी माणसे असतात. मधल्या काळात कोण गळाले, प्रवेशाचे निकष बदलले का, हे माहीत नसते. दुसरी, काळ बदलला का? अमेरिकेतल्या सुमारे १४ हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०११ च्या एका विश्लेषणात १९७९ ते २००९ या काळात समानुभूतीचे गुण उतरलेले दिसले. त्याच संशोधकांच्या नंतरच्या पाहणीत २००८ नंतर ते पुन्हा चढलेले दिसले. सगळ्या पिढीचाच आलेख वरखाली होत असेल, तर त्याचे खापर एका अभ्यासक्रमावर फोडता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे : मोजपट्टीच बदलली का? पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला वाटते, 'मला लोकांचे प्रश्न कळतात.' तिसऱ्या वर्षी तो विधी सेवा केंद्रात बसतो. घटस्फोट मागायला आलेली बाई मध्येच उठून का गेली, हे त्याला समजत नाही. आता तो स्वतःला कमी गुण देतो. त्याची समज वाढलेली असते, म्हणूनच आकडा घसरतो. आकडा चुकीचा नाही. त्याचा सरळ अर्थ लावणे चुकीचे आहे.

घाईत असलेली माणसे

समजा, समानुभूती अगदी अचूक मोजता आली. तरी त्यावरून वागणे सांगता येईल का? १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथे ४० धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना एक छोटे भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत जायचे होते. काहींचा विषय होता बायबलातली, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून कण्हत बसवलेला होता. ज्यांना 'सावकाश जा' असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. मध्यम घाईतले ४५ टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काहीजण तर परोपकारावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

ज्यांनी न्यायालयाचा दिवस पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. दिंडोशीच्या शहर दिवाणी व सत्र न्यायालयात किंवा बोरिवलीच्या दंडाधिकारी न्यायालयात एक दिवस बसून पाहावे. बोर्डावर प्रकरणांची रांग, जिन्यात अशील, वकिलाच्या बगलेत चार फायली. तेथे अशिलाचे बोलणे मध्येच तोडणारा प्रत्येक वकील निर्दय असतो असे नाही. त्याला वेळ नसतो. विद्यार्थ्यांची समानुभूती मोजणाऱ्याने त्यांना अशिलाशी बोलायला किती मिनिटे मिळतात, हेही मोजले पाहिजे.

पंधरा गुणांची रोजनिशी

येथे आपला तिसरा प्रश्न येतो : आकड्यावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे? प्रवेश नाकारायचा असेल, किंवा विद्यार्थ्यांची क्रमवारी लावायची असेल, तर वर पाहिलेल्या कारणांसाठी प्रश्नावली चालणार नाही. आपण जे शिकवतो त्याने काही फरक पडतो का हे पाहायचे असेल, तर मात्र चांगली सोय आपल्याकडे आधीच आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत अभिरूप न्यायालय आणि प्रशिक्षणाचा एक सक्तीचा विषय आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने वकिलाच्या किंवा विधी सेवा केंद्राच्या कार्यालयात अशिलाच्या दोन मुलाखती प्रत्यक्ष पाहायच्या आणि रोजनिशीत नोंदवायच्या असतात. त्याला १५ गुण आहेत. पुष्कळ ठिकाणी हे काम उरकण्याचे काम मानले जाते. पण जरा विचार केला तर हीच समानुभूतीची खरी प्रयोगवही आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मालाड पूर्वेच्या टेकडीवरच्या वस्तीतली एक बाई केंद्रात आली आहे. घराचा वाद आहे. कागद तिच्याजवळ नाहीत. दोन विद्यार्थी तीच मुलाखत पाहत आहेत. पहिला लिहितो : 'पक्षकाराकडे कागदपत्रे नाहीत. तारखा सांगता येत नाहीत. माहिती अपुरी.' दुसरी लिहिते : 'तारीख विचारली की गप्प होते. वकीलबाईंनी "गणपतीच्या आधी की नंतर?" असे विचारल्यावर क्रमाने सगळे सांगितले. कागद पावसात गेले म्हणाली. कोणत्या पावसात ते विचारायचे राहिले.'

२ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, माणसे दगावली, घरे वाहून गेली. हे ज्याला आठवते त्याला 'कोणत्या पावसात?' या प्रश्नाचे मोल कळेल. कागद गहाळ होणे आणि कागद वाहून जाणे यांत कायद्याच्या दृष्टीनेही फरक आहे. वाहून गेलेल्या कागदाची नक्कल मागता येते, पंचनाम्याचा आधार घेता येतो.

दोन्ही नोंदींत कोण अधिक हळवा आहे हे आपल्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. अशिलाच्या जागी कोण उभे राहू शकले, हे मात्र दिसते. ते मोजताही येते. अशिलाने न सांगितलेले काही टिपले आहे का? तिच्या अडचणीचे कारण शोधले आहे का? पुढचा प्रश्न सुचला आहे का? अशा चार-पाच कसोट्या ठरवून, दोन परीक्षकांनी एकमेकांचे न पाहता गुण द्यावेत आणि ते कितपत जुळतात ते पाहावे. जुळत नसतील तर कसोट्या सुधाराव्यात. पहिल्या आणि दुसऱ्या मुलाखतीच्या नोंदींत काय बदलले, हेही त्यातून कळेल.

वर्गात करून पाहा

इयत्ता नववीपासून पुढच्या वर्गांत हा प्रयोग करता येईल. तीन-तीन मुलांचे गट करावेत. पहिल्याने स्वतःच्या बाबतीत घडलेली एखादी साधी घटना तीन मिनिटांत सांगावी. बसमधले भांडण, हरवलेली छत्री, असे काहीही. घरची दुःखे सांगायला कोणालाही भाग पाडू नये. सांगून झाल्यावर त्याने घटनेतले पाच क्षण निवडून, प्रत्येक क्षणी काय वाटले ते गुपचूप लिहावे. दुसऱ्याने, म्हणजे ऐकणाऱ्याने, त्याच पाच क्षणी त्याला काय वाटले असेल ते लिहावे. तिसऱ्याला गोष्ट ऐकू देऊ नये. त्याला फक्त घटनेचे नाव आणि पाच क्षण सांगून अंदाज लिहायला लावावा.

जुळले तर २, थोडे जुळले तर १, नाही तर शून्य, असे १० पैकी गुण द्यावेत. समजा, ऐकणाऱ्याला ६ मिळाले आणि न ऐकणाऱ्याला ४. मग ऐकण्याने कळलेला भाग फक्त २ गुणांचा. उरलेले ४ गुण 'अशा वेळी कोणालाही असेच वाटते' या सर्वसाधारण समजुतीचे. तिसरा मुलगा हा या प्रयोगातला तुलनेचा आधार आहे. तो नसेल तर आपण नुसत्या ठोकताळ्यालाच समानुभूती समजून बसू. गुण वहीवर नोंदवू नयेत. कोठे चुकले आणि का, याची चर्चा करावी. प्रयोगाचा खरा लाभ तेथेच आहे.

त्या रविवारी मी मुलीला त्रुटीचे गणित करून दाखवले. तिने ते पुन्हा स्वतः करून पाहिले. मग म्हणाली, "काका, म्हणजे १७ चा अर्थ १७ नाही." मी म्हटले, "बारा ते बावीस. आणि तेही तू तुझ्याविषयी काय म्हणतेस त्याचे." पुढच्या महिन्यात तिची पहिली मुलाखत आहे. रोजनिशीत समोरच्या बाईने काय सांगितले ते एका रकान्यात आणि काय सांगितले नाही ते शेजारच्या रकान्यात लिहायचे, असे तिने ठरवले आहे.